४७ नंबर कोणाचा? टेबलं जोडताना आणि फील्डला नावं देताना माझ्याकडून झालेल्या चुका

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी एक अँड्रॉइड ॲप बनवलं. ॲप लिहायला तीन आठवडे लागले. त्यातली टेबलं कशी असावीत यावर विचार केला साधारण अर्धा तास. त्या अर्ध्या तासाची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली, म्हणून हा लेख लिहितोय. तुम्ही डिप्लोमाला असाल, बीसीएला असाल किंवा ओळखीतल्या कोणाच्या दुकानासाठी हौस म्हणून ॲप बनवत असाल, तर माझ्या चुका तुम्हाला फुकटात मिळतायत, घेऊन टाका.

आधी काम काय होतं ते सांगतो. सकाळ-संध्याकाळ गावातले सव्वाशे-दीडशे लोक किटल्या घेऊन येतात. दूध मोजायचं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ बघायचं, दरपत्रकातून दर काढायचा, पावती द्यायची. दर दहा दिवसांनी बिल होतं, त्याला गावात सगळे दुधाचा पगार म्हणतात. कोणी पशुखाद्याची पोती उचललेली असतात, त्याचे पैसे बिलातून कापायचे आणि उरलेली रक्कम बँकेत भरायची. मामा हे सगळं एका लांबट रजिस्टरमध्ये लिहायचा आणि बिलाच्या आदल्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन एक-दीड वाजेपर्यंत बसायचा.

रजिस्टरमध्ये प्रत्येकाला एक कोड नंबर होता. किटलीच्या झाकणावर तोच नंबर ऑइलपेंटने लिहिलेला. मला वाटलं, हे जुनाट आहे, ॲपमध्ये माणसाला नावाने शोधता आलं पाहिजे. म्हणून मी ‘उत्पादक’ नावाचं टेबल केलं आणि त्यात माणसाचं पूर्ण नाव हीच प्रायमरी की ठेवली. (खऱ्या कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

प्रायमरी की म्हणजे टेबलातली एक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखण्याची खूण. एका टेबलात ती पुन्हा येऊ शकत नाही. म्हणजे मी काय जाहीर केलं होतं, तर या गावात एका नावाचा एकच माणूस असेल.

आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एक आहे. त्यात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही तंतोतंत सारखं असलेले दोघे निघाले. गावाला त्याची काही अडचण नव्हती. एक मळ्यातले आण्णा, दुसरे वरच्या आळीतले आण्णा. अडचण माझ्या ॲपला होती. बरं, दुसरी नोंद करताना ॲपने ‘हे नाव आधीच आहे’ असं सांगितलं असतं तरी निभावलं असतं. पण मी इंटरनेटवरून ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ अशी कमांड उचलली होती. तिचा अर्थ असा, की तीच की आधीपासून असेल तर जुनी ओळ काढून नवी बसव. मामाने वरच्या आळीतल्या आण्णांची नोंद केली आणि मळ्यातल्या आण्णांचा बँक खाते नंबर गुपचूप पुसला गेला. कुठलाही एरर आला नाही.

दहा दिवस दोघांचं दूध एकाच नावावर जमा झालं. प्रत्येक पावती बरोबर होती, कारण पावतीवर त्या किटलीपुरताच हिशोब असतो. बिलाच्या यादीत एक नाव कमी होतं, पण एवढी नावं कोण मोजतं? पगाराच्या दिवशी वरच्या आळीतल्या आण्णांच्या खात्यात दुप्पट पैसे आले आणि मळ्यातले आण्णा तालुक्याला बँकेत जाऊन पासबुक भरून रिकाम्या हाती परत आले. सोसायटीचा हप्ता त्याच दिवशी भरायचा होता. नऊ हजार आणि काहीशे रुपये. मामाने खिशातून दिले. दुसऱ्या आण्णांनी जास्तीचे पैसे दोन दिवसांत आणून दिले खरे, पण त्या दोन दिवसांत मामाला गावात काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

नंबर घेतला, तरी फसलो

मी लगेच कोड नंबर ही प्रायमरी की केली. रजिस्टरने इतकी वर्षं जे शहाणपण सांभाळलं होतं ते मान्य केलं. इथे गोष्ट संपायला हवी होती.

आता टेबलं जोडणं म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढची फजिती कळेल. सगळी माहिती एकाच टेबलात ठेवली, तर रोज दोन वेळा प्रत्येकाचं नाव, पत्ता, खाते नंबर पुन्हा लिहावा लागेल. खातं बदललं की शेकडो ओळी बदलायच्या, आणि त्यातली एक राहिली की कुठला नंबर खरा ते कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून माणसाची माहिती ‘उत्पादक’मध्ये एकदाच ठेवायची. रोजच्या दुधाची नोंद ‘संकलन’मध्ये, पोत्यांची नोंद ‘उचल’मध्ये. या दोन टेबलांत माणसाची फक्त की लिहायची. दुसऱ्या टेबलातली की आपल्या टेबलात अशी आणून ठेवली की तिला फॉरेन की म्हणतात. बिल करताना डेटाबेसला सांगायचं, की संकलनातली की आणि उत्पादकमधली की जिथे सारखी असेल तिथे दोन्ही ओळी शेजारी-शेजारी आण. याला जॉइन म्हणतात.

ही कल्पना एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली मांडली, तेव्हा तो आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होता. त्याआधीच्या मोठ्या सिस्टीममध्ये माहितीपर्यंत जायची वाट आखलेली असायची. अमक्या नोंदीपासून तमक्या नोंदीकडे जा, तिथून पुढच्या, असं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चालत जावं लागे. वाट बदलली की प्रोग्रॅम मोडला. कॉड म्हणाला, साधी टेबलं ठेवा आणि त्यांतल्या किमतींवरूनच संबंध जुळवा. १९८१ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स आजही त्याच पद्धतीच्या टेबलांत आहेत, त्यावर पुढे येतो.

तर, नंबरची फजिती. गावात एका म्हाताऱ्यांनी म्हशी विकल्या आणि दूध घालणं बंद केलं. त्यांचा नंबर ४७. तीन महिन्यांनी एका नव्या पोराने दोन गाई घेतल्या आणि मामाने त्याला ४७ नंबर दिला, कारण किटली त्याच म्हाताऱ्यांकडून विकत घेतली होती आणि झाकणावर नंबर आयता होता! मामाने ॲपमध्ये ४७ उघडून फक्त नाव आणि बँक खातं बदललं. पोराच्या पहिल्याच बिलातून १,८५० रुपये कापले गेले. म्हाताऱ्यांनी उचललेल्या आणि बाकी राहिलेल्या पोत्यांचे. ‘उचल’ टेबलात लिहिलं होतं ४७, आणि ४७ आता तो पोरगा होता. डेटाबेसने सांगितलेलं काम चोख केलं.

मी मामाला म्हटलं, "तू नंबर परत का दिलास?"

"अरे, नंबर काय कोणाच्या बापाचा असतो का? माणूस गेला की नंबर मोकळा."

त्याच्या धंद्याचा नियम तोच आहे आणि त्यात चूक काही नाही. बसमधल्या सीटचा नंबर, हॉटेलातल्या टेबलाचा नंबर, शाळेतला हजेरी नंबर, सगळे असेच फिरतात. मी काय केलं, तर माणसं वापरतात तो नंबर आणि डेटाबेसला लागणारी ओळख या दोन गोष्टींची गल्लत केली.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो. प्रत्येक टेबलाला स्वतःचा एक आयडी. तो डेटाबेस देतो, त्याला काहीही अर्थ नसतो, तो कधी बदलत नाही आणि स्क्रीनवर कोणाला दिसतही नाही. सगळी जोडणी त्याच आयडीने. कोड नंबर, नाव, मोबाईल नंबर या माणसाच्या वापरातल्या गोष्टी, त्या साध्या कॉलममध्ये. चालू असलेल्या दोन उत्पादकांना एकच कोड मिळू नये एवढी अट टाकता येते, आणि टाकावीच.

मोबाईल नंबर की म्हणून का नको, असं अनेक जण विचारतात. गावात एका घरात तीन खाती आणि एकच फोन असतो, आणि सिम तर रिचार्जच्या ऑफरवर बदलतं. आधार नंबर? एवढ्याशा कामासाठी तो साठवूच नका.

फोनवर ॲप बनवणाऱ्यांसाठी इथे दोन खाचखळगे आहेत. अँड्रॉइडमध्ये जो डेटाबेस आयता मिळतो तो एसक्यूलाइट. त्यात टेबलातली सर्वांत मोठ्या आयडीची ओळ तुम्ही पुसली, तर पुढच्या नव्या ओळीला तोच आयडी परत मिळू शकतो. म्हणजे ४७ नंबरचाच किस्सा, फक्त मामाच्या जागी डेटाबेस. टेबल बनवताना ‘ऑटोइन्क्रिमेंट’ लिहिलं की असं होत नाही. त्याहून बरं म्हणजे माणसाची ओळ पुसूच नका, ‘बंद_दिनांक’ असा कॉलम ठेवा आणि त्यात तारीख टाका.

दुसरा खळगा मला जास्त लागला. मी फॉरेन कीची अट अगदी नीट लिहिली होती, की ‘उत्पादक’मध्ये नसलेल्या माणसाच्या नावावर दूध जमा होऊ द्यायचं नाही. तरी मालक नसलेल्या नोंदी सापडल्या. शोधता शोधता कळलं, की एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी मुळात बंद असते! अट लिहिलेली मान्य होते, पण डेटाबेसशी प्रत्येक वेळी जोडणी करताना ती चालू करायची वेगळी सूचना द्यावी लागते. तुम्ही रूम लायब्ररी वापरून फॉरेन की दिलीत तर ती हे तुमच्यासाठी करते. मी तेव्हा साधी पद्धत वापरली होती आणि माझी अट सहा महिने शोभेपुरती होती.

जिथे पुन्हा लिहायलाच हवं

कॉलेजात आम्हाला घोकून घेतलं होतं, की एक माहिती एकाच ठिकाणी. मी ते इतकं मनावर घेतलं, की संकलनाच्या ओळीत दर लिहिलाच नाही. ‘दर’ टेबलात दर आहे ना, मग जोडून घेऊ. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला अमुक रुपये, तिथून वर-खाली.

मग डेअरीकडून नवीन दरपत्रक आलं आणि मामाने जुन्या आकड्यांवर नवे आकडे भरले. त्या संध्याकाळी एक मावशी मागच्या महिन्याचं बिल पुन्हा मागायला आल्या, बँकेला दाखवायला हवं होतं. ॲपने छापून दिलेल्या बिलातली रक्कम आणि त्यांच्या पासबुकातली रक्कम जुळेना. मावशींनी दोन्ही कागद मामासमोर ठेवले आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. एखाद्या व्यापाऱ्यावर याहून वाईट वेळ काय येणार? मागचे सगळे पगार ॲपच्या हिशोबाने रातोरात बदलले होते.

मला तेव्हा उमगलं ते असं: आजचा दर आणि त्या दिवशी लागलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भले त्या दिवशी आकडा एकच असला तरी. पहिला बदलत राहतो. दुसरा होऊन गेला, तो आता इतिहास आहे. म्हणून तो संकलनाच्या ओळीतच लिहायचा. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या वस्तूच्या जुन्या बिलावर आजची किंमत दिसत नाही, तेव्हा दिलेली दिसते, ती याच कारणाने. दरपत्रकातही जुना आकडा खोडायचा नाही, ‘लागू_दिनांक’ टाकून नवी ओळ घालायची.

आणि या कॉलमला नाव काय द्यावं? मी आधी दोन्हीकडे ‘दर’ असंच दिलं होतं. आता दरपत्रकात ‘प्रतिलिटर_दर’ आहे आणि संकलनात ‘लागलेला_दर’. नाव वाचलं की गल्लत करायला जागाच राहत नाही.

नावाचा घोळ

नावं देणं हा बऱ्याच जणांना शेवटचा, फावल्या वेळचा विषय वाटतो. माझ्या पहिल्या ॲपमधल्या कॉलमची ही काही नावं बघा: ‘दिनांक’, ‘दिनांक२’, ‘नाव’, ‘रक्कम’, ‘रक्कम_फायनल’, ‘स्टेटस’.

‘दिनांक’ म्हणजे दूध घातलं ती तारीख की ॲपमध्ये नोंद केली ती? संध्याकाळी लाईट गेली की मामा वहीत लिहून ठेवायचा आणि सकाळी फोनमध्ये भरायचा. दहा तारखेचं संध्याकाळचं दूध असं अकरा तारखेच्या बिलात जायचं. आता ‘संकलन_दिनांक’, ‘वेळ’ (सकाळ की संध्याकाळ) आणि ‘नोंद_केव्हा’ असे तीन कॉलम आहेत.

‘नाव’ तर फारच घातक. बऱ्याच घरांत दूध घालणारा एक आणि बँक खातं बायकोच्या किंवा आईच्या नावावर. एकाच ‘नाव’ कॉलममध्ये मामा कधी हे लिहायचा, कधी ते. ‘उत्पादकाचे_नाव’ आणि ‘खातेदाराचे_नाव’ असे कॉलम करायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की खातं ही वेगळीच वस्तू आहे. एका माणसाचं खातं काळानुसार बदलतं, आणि मागचे पैसे कुठल्या खात्यात गेले ते पुसून चालत नाही. मग खात्यांचं वेगळं टेबल झालं. हे मला फार आवडतं: नेमकं नाव शोधायला बसलं, की टेबलाची मांडणी कुठे चुकली ते आपोआप दिसतं. कॉलमला नाव सुचत नसेल, तर बहुतेक वेळा त्यात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात.

‘स्टेटस’मध्ये मी ०, १, २ असे आकडे ठेवले होते. २ म्हणजे काय ते वर्षभरानंतर मलाच आठवेना. पुढे बोलत नाही.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची एक खास डोकेदुखी आहे. तारीख हा शब्द मी एका टेबलात एका ‘ए’ने लिहिला, दुसऱ्यात दोन ‘ए’ने, आणि तिसऱ्यात ‘आय’च्या जागी दोन ‘ई’. प्रत्येक जॉइन लिहिताना मागे जाऊन बघावं लागायचं. मग देवनागरीतच का लिहू नये? एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस दोन्ही चालवून घेतात. पण पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे, देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे जेमतेम २१ खुणा. शिवाय दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा. मी इंग्रजी नावं वापरतो, पण जिथे धंद्याचा शब्द मराठीच आहे तिथे तोच रोमनमध्ये, आणि त्याचं स्पेलिंग एका फाइलमध्ये एकदाच ठरवून ठेवलेलं. ‘उचल’ला इंग्रजीत ॲडव्हान्स म्हणून बघितलं होतं. मामाच्या पोराला वाटलं, ते आगाऊ दिलेले रोख पैसे.

जोडणाऱ्या कॉलमचं नाव सगळीकडे एकच ठेवा, ‘उत्पादक_आयडी’. एका टेबलात ‘यू_आयडी’, दुसऱ्यात ‘शेतकरी_नं’ असं केलंत, तर सहा महिन्यांनी चुकीचे कॉलम जोडाल. दोन्हीकडे आकडेच असल्यामुळे डेटाबेस हूं की चूं करणार नाही.

आता तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स. अँड्रॉइडमध्ये त्यांची तीन मुख्य टेबलं आहेत. एकात तुम्हाला यादीत दिसतो तो माणूस. दुसऱ्यात त्या माणसाच्या वेगवेगळ्या खात्यांतून आलेल्या नोंदी, एक गूगलची, एक दुसऱ्या एखाद्या ॲपची. तिसऱ्यात प्रत्यक्ष तपशील, एका फोन नंबरला एक ओळ, एका ईमेलला एक ओळ. म्हणून एका माणसाचे पाच नंबर ठेवता येतात. दोन खात्यांतल्या नोंदी एकाच माणसाच्या दिसल्या तर फोन त्या एकत्र जोडतो, आणि तो अंदाज चुकला तर वेगळं करायची सोयही असते. आमच्या दोन आण्णांची सोय गूगलने केलीय म्हणा ना!

गंमत पुढे आहे. त्या तिसऱ्या टेबलातल्या कॉलमची नावं आहेत ‘डेटा१’, ‘डेटा२’ ते ‘डेटा१५’. म्हणजे मी ‘दिनांक२’ लिहिलं तर चूक आणि त्यांनी लिहिलं तर चालतं? त्यांच्याकडे कारण आहे. कुठलं ॲप उद्या कसला तपशील आणेल ते आधी माहीत नाही, म्हणून जागा मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक ओळीत हा कसला तपशील आहे ते सांगणारा एक कॉलम आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ‘डेटा१’ म्हणावं लागू नये म्हणून फोनच्या ओळीसाठी त्यालाच ‘नंबर’ असं दुसरं नाव दिलंय. माझ्याकडे असलं काहीच नव्हतं, मला फक्त कंटाळा आला होता.

नावं नंतर बदलू म्हणाल तर सांगतो. एसक्यूलाइटमध्ये कॉलमचं नाव बदलायची सोय ३.२५ आवृत्तीत, २०१८ साली आली. जुन्या फोनमध्ये त्याच्याही आधीची आवृत्ती असते. तिथे नवीन टेबल बनवा, सगळा डेटा त्यात ओता, जुनं पाडा, नव्याला जुन्याचं नाव द्या, आणि हे सगळं मामाच्या फोनवर, सकाळची रांग लागायच्या आत. मी ते पहाटे चार वाजता, फोनची आणखी एक कॉपी लॅपटॉपवर घेऊन केलं होतं.

ॲप अजून चालू आहे. किटल्यांवरचे नंबर ऑइलपेंटचेच आहेत. ४७ नंबरच्या पोराकडे आता पाच गाई आहेत, १,८५० रुपये त्याला पुढच्याच बिलात परत मिळाले होते. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा मामा म्हणाला, त्याला आणि त्याच्या भावाला एकाच नंबरवर दूध घालायचंय, पण पैसे निम्मे-निम्मे दोन खात्यांत हवेत. मी फोन बाजूला ठेवला, वही मागितली, आणि पहिल्यांदा विचारलं, की दूध एक जास्त घालेल, एक कमी, तेव्हा काय करायचं ठरलंय? मामा म्हणाला, ते अजून त्यांचंच ठरत नाहीये.